फणसाचं स्टिअरिंग

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रिया लिहिताना तुमचा वेळ वाचेल — माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. खरं तर माझा माणसांवरही फारसा विश्वास नाही, कारण मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. गाडी ठोकली की मालक सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि गाडी सांगते ते लिहायचं, हे माझं काम. "उभ्या गाडीला म्हशीनं धडक दिली" इथपासून "ब्रेक आपोआपच गेला हो" इथपर्यंत सगळं ऐकून झालंय. वाकलेला बंपर बघून मी सांगू शकतो की म्हैस होती की माडाचं झाड.

आणि झीज तर मला वाचता येते. पेडलचं रबर, गिअरचा गोळा, स्टिअरिंगची कड... नुसता हात फिरवला तरी गाडी किती चाललीय, चालवणारा एका हाताने चालवायचा की दोन, याचा अंदाज बांधतो. मीटर मागे फिरवणारे पुष्कळ भेटले, झीज मागे फिरवणारा अजून भेटला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते सगळं झिजेबद्दलच आहे, म्हणून सांगितलं.

आमचं घर डिचोली तालुक्यात आमोण्याला, मांडवीच्या काठापासून जरा चढावर. बाबा मूळचे बांद्याकडचे. गोवा मुक्त झाल्यानंतर खाणींचा जोर वाढला, तेव्हा तरुणपणी ट्रक चालवायला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. आई पेडणे तालुक्यातली, मोप्याची. आता तिथल्या माळावर विमानतळ झालाय, पण तिचं माहेरचं घर अजून आहे आणि तिथे मामा एकटा राहतो.

बाबांनी उभ्या आयुष्यात स्वतःचा म्हणून एकच ट्रक घेतला. लांब नाकाचा, जुन्या पद्धतीचा. खाणीवरून खनिज भरायचं, नदीच्या धक्क्यावर बार्जपाशी ओतायचं आणि रिकामं परत यायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा लाल धुळीत माणूस कुठे संपतो आणि ट्रक कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, डोळे तेवढे पांढरे. आई कधी कधी म्हणायची, "माका एकदा तरी बसवा तुमच्या गाडयेत." बाबा म्हणायचे, "ह्या धुळीत तुका बसवचंय नाय. खाण बंद झाली काय गाडी धुतंय नि तुका मोप्याक नेतंय, रानयेसारखी." आई हसायची. खाण बंद होईल असं तेव्हा कुणाला वाटत होतं?

पण ती झाली. सगळ्यांचेच ट्रक अंगणात लागले. लोक चिंतेत आणि बाबा मात्र बादल्या घेऊन ट्रक धुतायत. कितीतरी पाण्यानंतर खालचा निळा रंग दिसला, तो मला आठवतही नव्हता. नवरात्र चाललं होतं. खंडेनवमीला त्यांनी ट्रकची पूजा केली, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि आईला म्हणाले, "फाल्या दसरो, पूजा हलवतंय नि जावया. तयार रव."

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे खंडेनवमीला ज्या अवजाराची पूजा होते त्याला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. दसऱ्याला अक्षता टाकून ती वस्तू जागेवरून जराशी हलवायची. याला पूजा हलवणं म्हणतात. पूजा हलवली की अवजार पुन्हा कामाला मोकळं. तोवर ते पूजेत अडकलेलं.

दसऱ्याला बाबा उठलेच नाहीत. झोपेतच गेले. आईने नेसायला काढलेली जांभळी साडी खुर्चीवर तशीच होती. घरात सुतक लागलं, आणि सुतकात पूजा कोण हलवणार? दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि पूजेची गोष्ट सगळेच विसरून गेलो. ट्रक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता, तिथेच राहिला. माळ स्टिअरिंगवरच सुकली.

त्यानंतर आई मोप्याला गेली नाही. एकदाही नाही. मी गाडी घेतली, म्हटलं चल, तासाभराचा तर रस्ता. "गाडीन नाय," एवढंच म्हणायची. मग मामाच आमोण्याला यायचा. मला वाटायचं हट्ट आहे, बायका करतात तसा. पुढे मामाचे गुडघे गेले, त्याचं येणं थांबलं आणि बहीण-भाऊ फोनवर एकमेकांचं औषध विचारू लागले. गेल्या वर्षी आईचं हृदय कुरकुरायला लागलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मनात काही राहिलं असेल त्यांच्या, तर करून टाका. पुढच्या वर्षावर ढकलू नका." घरी येताना मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग ठरवलं, ट्रक दुरुस्त करायचा आणि आईला त्यातूनच मोप्याला न्यायचं.

डिचोलीचा शाणू फिटर येऊन इंजिन उतरवून घेऊन गेला. पुढची चाकं काढून त्याने ट्रक लाकडी ओंडक्यांवर टेकवला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा — ट्रकला इंजिन नव्हतं, पुढची चाकं नव्हती, आणि केबिनची किल्ली माझ्या खिशात होती.

शाणूचं काम होईपर्यंत मी केबिनच्या मागे लागलो. जुनं स्टिअरिंग काळ्या प्लॅस्टिकचं, उन्हाने तडकलेलं, आतली सळी बाहेर आलेली. म्हटलं, लाकडी बसवू. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे फोटो बघून बघून माझ्याही डोक्यात वारं शिरलं होतं. जुनं खोललं, त्याला चिकटलेले माळेचे दोरे ओढून काढले आणि दारावर भंगारवाला आला त्याला देऊन मोकळा झालो. मनात काही म्हणजे काही आलं नाही.

पहिलं स्टिअरिंग मी ऑनलाइन मागवलं. अक्रोडी रंग, चकचकीत पॉलिश, आतल्या कडेला पितळी रिबिटं. मी खूश. मोजमाप घ्यायला आलेल्या शाणूने ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या मोटारीचा चाक," तो म्हणाला. "ट्रकाक पावर स्टिअरिंग नाय. एवढ्याशा चाकान वळवशीत तर सांजेक खांदे हातात येतले तुझे."

"दिसायला चांगलंय."

"मगे भिंतीर लाव."

ठरवलं, तात्पुरतं राहू दे, मोठं मिळालं की बदलू. काही दिवसांनी केबिन उघडली तर स्टिअरिंगचं पॉलिश गेलेलं. एका जागी नाही, कडेवर गोल फिरून सगळीकडे. कुणीतरी हात ठेवून बघतोय, सरकवतोय, परत ठेवतोय आणि हाताला जागाच सापडत नाहीये, अशी ती झीज होती. मी विकणाऱ्याला फोन करून झापलं. त्याने शांतपणे विचारलं, "सर, गाडी किती चालवली?" मी म्हटलं, गाडीला इंजिनच नाही. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. हा 'जरा वेळ' मी रोज लोकांना देतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला बरोबर समजला.

मग गेलो सावंतवाडीला. तिथे लाकडी खेळणी करणारी घरं आहेत, त्यातल्या एका मेस्त्रींनी ट्रकच्या मापाचं सागवानी स्टिअरिंग करून दिलं. माणूस तापट, पण हात चांगला. मी स्वतः ते बसवलं, नट आवळला, केबिनला कुलूप लावलं. पावसाळी दिवस होते, मी कामानिमित्त वास्कोकडे अडकलो. परत येऊन बघतो तर वरच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे दोन काळपट डाग. डाग म्हणजे घाण नव्हे हो. घामाने, तळव्याने, वर्षानुवर्षं घट्ट धरून धरून लाकूड जसं गुळगुळीत आणि काळं होतं, तसं. मी अंगठ्याने चाचपलं. लाकूड तिथे किंचित खाली गेलं होतं.

रागाने ते स्टिअरिंग उपसून पुन्हा सावंतवाडी गाठली. मेस्त्रींनी ते उलटसुलट करून बघितलं.

"ह्या माझा न्हय."

"अहो, तुम्हीच दिलंत ना महिन्यापूर्वी?"

"मी नवीन दिलंय. ह्या कोणी तरी धा-बारा वर्सां चलवलेला हा. माका फसवतंस? माझा खय ठेवलंस ता सांग आधी."

मी त्यांना त्यांचीच खूण दाखवली, आतल्या बाजूला कोरलेली. ते आणखी चिडले. म्हणाले, खूण तासून दुसऱ्या चाकावर बसवलीस. मी आयुष्यभर लोकांना खोटं ठरवत आलो आणि आता मीच तोंडात मारल्यासारखा उभा! चहासुद्धा न पिता परतलो.

पण एक गोष्ट मला सुचत होती ती मी केली. स्टिअरिंग घरात भिंतीला टांगून ठेवलं. आठवडाभर काही नाही, डाग होते तसेच. पुन्हा ट्रकवर चढवलं आणि कडेवर पोरांना लावतात ती पावडर सगळीकडे भुरभुरली. कुणी हात लावला तर ठसे उठणार, साधा हिशेब. दोन दिवसांनी उघडलं. पावडर जशीच्या तशी, बोटाचाही ठसा नाही. फुंकर मारली तर खालची झीज वाढलेली.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. भरदुपारी, बाहेर कोंबड्या फिरतायत, शेजारी रेडिओ लागलाय, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम. डाव्या डागावर हात ठेवला. पावसाळी हवा, पत्रा गार, दाराचा लोखंडी खटका गार... आणि लाकूड कोमट होतं. नुकताच कुणीतरी हात काढल्यासारखं.

मी ते सोडवून आणलं आणि आईपुढे ठेवलं. सांगितलं काहीच नाही, फक्त म्हटलं, "हे बघ गं, लाकूड कसं झालंय." आई आडोळीवर बसून नारळ खवत होती. हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे त्या दोन डागांवर ठेवले. तिचे हात लहान, डाग मोठे.

"भरलेली गाडी आसताना असा धरीत," ती म्हणाली. "दोनय हात वर. घाटयेर तर दात पण आवळीत."

तिने मान वर करून विचारलं, "जुना खय हा?"

"भंगारात दिलं."

"नि माळ?"

"सुकलेली होती गं. ओढून काढली."

"पूजा हलवलंस?"

मी मान हलवली, नाही. मग अगदी साध्या आवाजात, पावसात कपडे बाहेर राहिल्याचं सांगावं तसं म्हणाली, "मगे ते अजून थयच बसान आसत."

मला राग आला. कशाचा ते आजही नीट सांगता येणार नाही. म्हटलं, आई, तू शिकलेली नसलीस तरी शहाणी आहेस, असलं काही डोक्यात घेऊ नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय... ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझा सगळा खरा. पण तुका ह्या कशान झाला ता सांग." दुसऱ्या दिवशी मी आसपासचे सगळे भंगारवाले पालथे घातले. जुनं स्टिअरिंग केव्हाच बाहेर गेलं होतं, एव्हाना वितळलंही असेल. रिकाम्या हाताने घरी आलो तेव्हा मला लहान मुलासारखं रडू आलं. बाबांची ती एकच वस्तू होती जिला त्यांनी शेवटचा हात लावला होता, आणि मी ती किलोवर मोजायला दिली होती.

आई म्हणाली, "पूजा गाडयेची. चाक गेला म्हणान पूजा जाणा नाय. तेंका पसंत पडात असा चाक बसव, मगे बघूया. मामाकडे फणसाचे फळे आसत, ते घेवन ये."

ते फळे म्हणजे लाकडाच्या फळ्या, मला माहीत होत्या. मोप्याच्या घरामागचा जुना फणस वादळात पडला तेव्हा मामाने त्या कापून माळ्यावर ठेवल्या होत्या. बाबा त्या फणसाचे गरे खायला म्हणून मे महिन्यात सासरी जायचे, एरवी जावयाला वेळ कुठला. मी एक फळी घेऊन सावंतवाडीला गेलो. मेस्त्री आधी दारातच उभे राहिले. आईसाठी आहे म्हटल्यावर आत घेतलं. या वेळी कड जाड ठेवली, खालच्या बाजूने बोटांना जराशी खाच, पॉलिश नाही, फक्त तेल. फळी उरली त्यातून मी एक दांडी करून घेतली — क्लिनरच्या बाजूला, डॅशबोर्डवर, चढताना-बसताना आईला धरायला.

फणसाचं ताजं कापलेलं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. ते तपकिरी व्हायला वर्षं जातात. स्टिअरिंग आणि दांडी, दोन्ही बसवून मी दार लावलं तेव्हा सगळी केबिन पिवळी दिसत होती.

या वेळी मी रोज बघत होतो. पहिले दिवस काही नाही. मग एका सकाळी उजव्या बाजूला, मधोमध, एक पुसट सावली. मग ती गडद. आठवड्याभरात तिथे लाकूड तपकिरी, गुळगुळीत, खालून चार बोटांच्या चार खळग्या आणि वर अंगठा टेकतो तिथे चकाकी. बाकी सगळं गोल पिवळंच. डाव्या हाताची खूणच नाही. मी आईला हाताला धरून शेडमध्ये नेलं. बाबा गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. मी स्टूल दिलं, ती चढली, आणि त्या खळग्यांतून एकेक बोट फिरवलं.

"रिकामे येयत तेव्हा असा," ती म्हणाली. "कोपर खिडकीर, नि एकच हात. धक्क्यार माल ओतलो काय मगे कसलीच घाय नसायची तेंका. मी दारात उभी रवान बघी." तिने त्या चकाकीवर अंगठा टेकवला. "ह्या पसंत पडला."

दोन आठवड्यांनी शाणूने इंजिन आणून बसवलं, चाकं चढवली. ट्रक सुरू झाला तेव्हा शेजारपाजारचे जमले. दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून अक्षता घेऊन निघालो, कारण आता घरचा कर्ता मीच. आईने ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू नको. ते माझी वाट बघतत."

तिने ती जांभळी साडी नेसली होती. स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, नवी माळ घातली, हात जोडले. मग अक्षता टाकल्या आणि उजव्या बाजूच्या खुणेशेजारी हात ठेवून स्टिअरिंग हलवलं. आता हे गाडीवाल्यांना कळेल — उभा ट्रक, पावर स्टिअरिंग नाही, पुढचं सगळं वजन टायरवर. ते फिरवताना माझं बळ लागतं. आईने एका हाताने फिरवलं आणि ते वीतभर सहज गेलं. स्टिअरिंगमध्ये थोडा खेळ असतो, मान्य. वीतभर नसतो.

ती वळसा घालून क्लिनरच्या बाजूने चढली. मी दंड धरला होता, तिने दांडी धरली. आणि निघालो.

डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल. आई काचेतून पुढे बघत होती, एक हात दांडीवर, दुसरा मांडीवर. चेहरा मला आरशात दिसत नव्हता, पण ती गुणगुणत होती हे इंजिनच्या आवाजातही कळत होतं. मी दोन्ही हातांनी चालवत होतो, पण खरं सांगतो, चालवावं लागत नव्हतं. वळणावर खांदे भरून यायला हवे होते, नाही आले. धारगळच्या पुढे चढाचं वळण येतं तिथे आई म्हणाली, "सावकाश हां."

"हो गं," मी म्हटलं.

"तुका नाय सांगूक."

उजव्या तळव्याखाली लाकूड कोमट होतं, ऊन होतं त्या दिवशी, त्यामुळेही असेल.

मोप्याला मामा पडवीत काठी घेऊन उभा होता. आई उतरली आणि दोघं म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून नुसती उभी राहिली. वरून विमान उतरत होतं. मामा म्हणाला, "किती वर्सांनी गो!" आणि आई म्हणाली, "गाडी धुवक येळ लागलो." जेवलो, आईने परसातल्या फणसाच्या बुंध्यावर हात फिरवला, बाजूने फुटलेले कोंब बघितले, आणि उजेड असतानाच आमोण्याला परत आलो. जाऊन-येऊन आई त्या ट्रकात बसली ती फक्त तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन पुसायला गेलो. स्टिअरिंगवरची खूण होती तशीच होती. आजतागायत ती वाढलेली नाही. मी आता रोज बघत नाही, पण बघतो तेव्हा तेवढीच असते. मग फडकं घेऊन डावीकडे सरकलो, आणि हातातलं फडकं तिथेच राहिलं.

आईची दांडी तपकिरी झाली होती. मधोमध एका लहान हाताची खूण, बोटांच्या जागी लाकूड खोलगट, वर धरून धरून आलेली चकाकी. आणि त्याच्या जरा खाली, मनगट टेकतं तिथे, बारीक बारीक आडव्या रेघा. एकावर एक, शेकड्यांनी. मी अशा रेघा खूप बघितल्यात, स्कूटरच्या हँडलवर, मोटारीच्या दारावर. काचेच्या बांगड्यांच्या असतात त्या. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला बांगड्या जरा वाजतात आणि लाकडावर एक रेघ पडते.

बाबा गेल्यापासून आईच्या हातात बांगडी नाही.

मी दांडी सोडवली आणि घरात नेली. आई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. दांडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात त्या खोलगट जागेत ठेवला, तो बरोबर बसला, आणि तिचं मोकळं मनगट त्या रेघांवर टेकलं. ती त्याकडे बघत राहिली. मी सर्व्हेअर आहे, मला दुसरं काय सुचणार? म्हटलं, "आई, ही एका दिवसाची झीज नाही."

"मगे किती वर्सांची ती?"

मी रेघांवरून पुन्हा अंगठा फिरवला. उगाच फिरवला, उत्तर मला बघताक्षणीच कळलं होतं. म्हटलं, "बाबांना जाऊन जेवढी झाली, तेवढ्याची."

आईने मान हलवली, जणू मी बाजारातून काय आणलं ते सांगितलं होतं. दांडी तिने पदराने पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"मगे बरोबर," ती म्हणाली. "लाव नेवन जागेर."